सान मार्तीनची बाटली

तोर्रेपार्दा, फेब्रुवारी

प्रिय लेआंद्रो,

'प्रिय' पाहून दचकू नकोस. माझं उभं आयुष्य औषधाच्या दुकानात गेलं, तेव्हा कडू गोळीवर साखर कशी चढवतात ते मला ठाऊक आहे. हे तसलं नाही. तू प्रिय आहेस म्हणून लिहिलं, आणि फोनवर ते म्हणता येत नाही म्हणून पत्रात लिहिलं. शिवाय फोनवर तू विषय बदलतोस आणि गेले काही रविवार तर फोनच नाही. म्हणून तुझ्या ताईच्या पत्त्यावर, हुमियाला पाठवते आहे. पत्राचं तोंड कुणाला दाबता येत नाही. विचारायचं एवढंच आहे, की तू परत येणार आहेस की नाही? उत्तर मला ईस्टरच्या आत हवं आहे. का, ते शेवटी सांगते. तू एरवीही सगळी वर्तमानपत्रं मागच्या पानापासूनच वाचतोस, पण या वेळी शहाण्यासारखा क्रमाने वाच.

इथे थंडी अशी की चौकातल्या कारंज्याला बर्फाची दाढी फुटली आहे. द्राक्षवेलींची छाटणी चालू आहे. सकाळी मळ्यामळ्यांतून वाकलेल्या पाठी दिसतात आणि दुपारी छाटलेल्या काड्यांच्या आगीवर कोकराच्या बरगड्या भाजल्याचा धूर. प्रिमितीवोकाका अजून आपल्या वाइन सहकारी संस्थेचे अध्यक्षच आहेत. त्यांच्याविरुद्ध उभं राहायला कुणी तयार नाही, कारण हिवाळ्यात कचेरीतली शेगडी पेटवायचं काम अध्यक्षाकडे असतं. फुएन्सिस्लाने खानावळीला रंग काढला. तिच्या मते तो दुधाळ आहे, गावाच्या मते दवाखान्याचा. भट्टी तीच, कोकरू तेच, आणि तिची जीभही तीच. परवा कुणी प्रवासी कोकरासोबत थंड कोला मागत होता, तर त्याला म्हणाली, शेजारच्या गावात पेट्रोलपंप आहे, तिथे मिळेल.

तुझ्या जागी वाइन करायला आलेल्या बोर्हाबद्दल तू कधी विचारलं नाहीस, म्हणून मीच सांगते. मुलगा वाईट नाही. माद्रिदचा आहे, त्याला त्याचा इलाज नाही. पहिल्या दिवशी पांढरे बूट घालून मळ्यात उतरला. आता बूट मातीच्या रंगाचे झालेत आणि माणूसही थोडाफार. सगळं यंत्रावर मोजतो, वहीत लिहितो, आणि मग घाबरत घाबरत काकांना विचारतो की वाइन चांगली झाली आहे ना. काका म्हणतात, झाली असेल. तुझ्या वेळी असं विचारायची कुणाची छाती नव्हती. तू पेला फिरवायचास, डोळे मिटायचास आणि सगळी संस्था श्वास रोखून तुझ्या मिशीकडे बघत बसायची. मिशी हलली तर वाइन बरी, नाही हलली तर वर्षभर सुतक.

तू का गेलास याबद्दल गावात तीन पक्ष आहेत. काकांचा पक्ष म्हणतो, कातालान लोकांनी जास्त पैसे मोजले आणि तू त्यांच्याकडे प्रिओरातला पळालास. कातालान माणूस पैसे मोजतो खरा, पण देतो असं आमच्या गावात आजवर कुणी मानलेलं नाही, तेव्हा हा पक्ष जरा लंगडा आहे. दुसरा पक्ष फुएन्सिस्लाचा. तिच्या मते ला रिओहात तुझी कुणी बाई आहे, उंच, घोड्यावर बसणारी. घोडा कुठून आला ते मी तिला विचारलं, तर म्हणाली, बाईशिवाय पुरुष घर सोडत नाही आणि पायी चालणाऱ्या बाईसाठी तर मुळीच नाही. तिसरा पक्ष चर्चच्या पायऱ्यांवर बसणाऱ्या म्हाताऱ्यांचा. ते म्हणतात, ओब्दुलियाने त्याला नाही म्हटलं. मी या तिन्ही पक्षांना हवा देते. प्रत्येकाला वाटतं मी त्याच्या बाजूची आहे. चौथा पक्ष एकटा माझा, आणि त्याची सभा मी आजवर भरवलेली नाही.

आठवतं, मला वास घ्यायला तू शिकवलंस ते? मी संस्थेच्या बाटल्यांच्या पाठीमागचा मजकूर लिहायला लागले तेव्हाची गोष्ट. पहिल्याच बाटलीवर मी लिहिलं होतं, 'पिकलेली चेरी, जुनं चामडं आणि संध्याकाळची हुरहुर'. तू दुकानात येऊन, खोकल्याचं औषध घ्यायला आलेल्या बायकांसमोर ते मोठ्याने वाचून दाखवलंस आणि विचारलंस की हुरहुरीचा वास नेमका कशासारखा येतो. त्या रविवारी फुएन्सिस्लाकडे जेवायला बसवून तू माझ्या डोळ्यांवर नॅपकिन बांधलास आणि नाकाखाली एकेक वस्तू धरत गेलास. पिकलेलं मार्मेलोचं फळ, घोड्याच्या खोगिराचा तुकडा, भिजलेली पाटी, जायफळ, शेवटी स्वतःच्या कोटाची बाही. बाही मी लगेच ओळखली. तू विचारलंस, कशावरून? मी म्हटलं, टर्पेंटाइनवरून. खोटं होतं. तेव्हापासून दर रविवारी आपण त्याच टेबलाशी बसलो. मी विधवा, तू सडाफटिंग. गावाने पहिलं वर्षभर आपल्याबद्दल बोलून घेतलं आणि मग कंटाळून सोडून दिलं. कोकरू मातीच्या ताटात यायचं, पाणी आणि मीठ एवढ्यावरच भाजलेलं. तू म्हणायचास, आपली वाइन एकटी प्यायली तर भांडखोर वाटते, पण या चरबीशी गाठ पडली की कशी नांदते बघ. तांदूळ भरलेल्या रक्ताच्या सॉसेजबरोबर तू नेहमी कोवळी वाइन मागवायचास, पिंपात न ठेवलेली. मेंढीच्या जुन्या चीजबरोबर मुरलेली. आणि प्रत्येक पेल्यात काहीतरी शोधून काढायचास. एकदा म्हणालास, तंबाखूच्या डबीत विसरलेलं संत्र्याचं साल. मी पेल्यात नाक बुडवून बसले, आणि खरंच ते साल तिथे होतं. असा राग आला मला. इतकी वर्षं सगळं माझ्या नाकासमोर होतं आणि सांगायला कुणी नव्हतं.

तू गेल्यावर रविवारी जेवणाच्या वेळेला फोन करायला लागलास. त्याबद्दल तुझे उपकार. मी फुएन्सिस्लाच्या त्याच टेबलाशी फोन कानाला लावून बसायचे आणि तू ज्या गावी असशील तिथलं जेवण मला वाढायचास. पहिल्यांदा ला रिओहाहून. तिथल्या बटाट्याच्या आणि चोरिसो सॉसेजच्या लालभडक रश्श्याबरोबर म्हाताऱ्या वाइनचा पेला, रंग कडेला विटेसारखा झालेला, जिभेवर रेशमी. मग बिएर्सोहून. तिथे भाजलेल्या मिरच्या आणि धुरावलेलं डुकराचं मांस, आणि मेन्सिया नावाची ती हलक्या अंगाची वाइन, जिचा आंबटपणा मांसाची सगळी चरबी कापून काढतो. मग प्रिओरात. काळ्या पाटीच्या दगडांच्या पायऱ्या, उतार असे की खेचराला चक्कर यावी, आणि वाइन इतकी गडद की पेल्यापलीकडचं बोट दिसेना. सशाबरोबर प्यायलास आणि म्हणालास, हिरड्या धरून ठेवते. शेवटी हुमिया, ताईकडे. तिथे ऊन पिऊन वाढलेल्या मोनास्त्रेल द्राक्षांची वाइन, ससा आणि गोगलगायी घातलेला भात, आणि घशातून उतरताना लागणारी ऊब. आमच्या गावात आपल्या रिबेराच्या खोऱ्याबाहेर वाइन होते हेच कुणाला मान्य नाही. बाहेर होतं ते रंगीत पाणी. पण तुझ्या फोनांमुळे मी त्या टेबलाशी बसून सगळा स्पेन प्यायले.

आणि एका रविवारी, तू प्रिओरातच्या सशाबद्दल बोलत असताना, माझा काटा हातात राहिला. तू रंग सांगत होतास. जाड-पातळ सांगत होतास. आंबट, तुरट, ऊब, गारवा, सशाची कुरकुरीत कडा, सगळं सांगत होतास. तंबाखूची डबी कुठे होती, लेआंद्रो? संत्र्याचं साल कुठे गेलं? मी मागचे सगळे रविवार आठवून पाहिले. एकाही फोनात कशालाही वास नव्हता. जो माणूस माझ्या दुकानाचं दार उघडताच म्हणायचा की आज कापूर सांडलेला दिसतो, तो अख्खा देश फिरला आणि त्याला कुठे साधा धूर सापडला नाही.

खरं तर मला फोनावरून कळलं असं नाही. फोनावरून खात्री झाली. तू गेलास त्याच्या आदल्या हिवाळ्यात तू तापाने आठवडाभर पडला होतास आणि मी लसणाचं सूप करून आणत होते. बरा झाल्यावर तू पहिल्यांदा माझ्याकडे जेवलास तेव्हा मागे चुलीवर दूध करपलं होतं. भांडं काळं झालं, खोलीत उभं राहवेना, आणि तू शांतपणे ब्रेड कापत होतास. मला वाटलं, अशक्तपणा असेल. त्यानंतर तू माझ्याकडे औषधाला येईनासा झालास. खोकल्याची गोळीसुद्धा माझ्याकडून घेणारा माणूस बस पकडून आरांदाच्या दुकानात जाऊ लागला. तिथला दुकानदार माझ्याबरोबर शिकलेला आहे. त्याने मला काही सांगितलं नाही, तेवढा तो प्रामाणिक आहे. पण तो मला भेटला तेव्हा तुझी चौकशी करताना त्याने आवाज खाली आणला. निरोगी माणसाची चौकशी कुणी खालच्या आवाजात करत नाही.

आणि मग नोव्हेंबरातला नव्या वाइनचा सण, सान मार्तीन. संस्थेचं तळघर, लांब टेबल, वर टेकडीवर वारा. त्या दिवशीची आपली रीत तुला मी काय सांगायची. नवी वाइन चाखायच्या आधी एक जुनी बाटली उघडायची, वाइन करणाऱ्याने आधी वास घ्यायचा, तो बोलेपर्यंत कुणी पेल्याला हात लावायचा नाही, आणि तो बोलल्यावर कुणी वेगळं बोलायचं नाही. लेखी नियम नाही हा, म्हणून सगळे पाळतात. त्या वर्षी काकांनी हौसेने तू या गावात केलेल्या पहिल्या वाइनची शेवटची बाटली काढली, कारण बुर्गोसहून वाइनवर स्तंभ लिहिणारा तो गळपट्टीवाला पाहुणा आला होता. तू बूच काढलंस. मी तुझ्यापासून दोन खुर्च्या दूर होते आणि मला तिथपर्यंत वास आला. ओलं पुठ्ठ्याचं खोकं, बुरसटलेलं. बूच खराब निघालं होतं. असं होतं, कुणाचा दोष नसतो. बाटली बाजूला ठेवायची आणि दुसरी काढायची. तू पेला फिरवलास, डोळे मिटलेस, मिशी हलली. मग म्हणालास, "हिच्याबद्दल मी काही बोलावं असं उरलेलं नाही. घ्या."

गावच्या सगळ्यांनी घेतली. ते दृश्य मी मरेपर्यंत विसरणार नाही. पिढ्यान्‌पिढ्या द्राक्षं पिकवणारी माणसं, ज्यांना कुठल्या मळ्यातली माती कुठल्या पेल्यात आली ते कळतं, ती तो पुठ्ठा प्यायली आणि माना डोलावू लागली. काकांना रानातल्या अळिंबीचा भास झाला. खजिनदाराला पावसानंतरचं जंगल आठवलं. एकाने तर माझंच वाक्य माझ्यासमोर म्हटलं, संध्याकाळची हुरहुर. फक्त फुएन्सिस्ला, कोकराचं ताट घेऊन आली होती ती, कुणाच्या तरी पेल्यावर वाकून म्हणाली, "अगं बाई, याला माझ्या लादीच्या फडक्याचा वास येतोय." काका म्हणाले, "तू कोकरू बघ, वाइन आम्ही बघतो." सगळे हसले. तूही हसलास. पण तू हसताना माझ्याकडे बघत होतास, आणि माझ्या चेहऱ्यावरून तुला कळलं. एवढी वर्षं मी तुझी मिशी वाचत आले, त्या दिवशी तू माझा चेहरा वाचलास.

पाहुण्याचा पेला अजून रिकामाच होता, तो भरायला काका उठले. तेव्हा माझ्या कोपराचा धक्का बाटलीला लागला. बाटली आडवी झाली आणि तुझी ती पहिली वाइन काकांच्या सणाच्या शर्टावर, टेबलावर आणि पाहुण्याच्या गळपट्टीवर सांडली. त्याच्या पेल्यात थेंब पडला नाही. गावाने अजून मला माफ केलेलं नाही. अजूनही मी कुठे जेवायला बसले की यजमान बाटली उचलून टेबलाच्या दुसऱ्या टोकाला ठेवतो. म्हणू देत धांदरट. माझं कोपर कसं चालतं ते तुला माहीत आहे. मी थेंबाथेंबाने औषध मोजणारी बाई. आठवडाभरात तू काकांना सांगितलंस की हवापालट हवा, आणि गेलास. मला सांगायला दुकानात आलास तेव्हा दाराशीच थांबलास, टोपी हातात. म्हणालास, बाकीचे प्रदेश बघून येतो. मी म्हटलं, बघ. तुला वाटत होतं कुठेतरी, एखाद्या पेल्यातून, गेलेलं नाक परत येईल. म्हणून पिंपामागून पिंप, प्रदेशामागून प्रदेश. आता फोनही बंद झाले. म्हणजे देश संपला आणि ते सापडलं नाही, एवढं मी समजते.

तर हे पत्र का. बोर्हाला जुळी झाली आणि तो उन्हाळ्यापर्यंत रजेवर गेला. तीन मळ्यांची पिंपं तळघरात वाट बघत पडली आहेत, वरच्या चुनखडीच्या माळाची, मधल्या लाल मातीची आणि नदीकाठच्या वाळूची, आणि कशात किती मिसळायचं ते ईस्टरच्या आत ठरवायला हवं. काकांनी ते माझ्यावर टाकलं, कारण लेबलावर जी लिहिते तिला आत काय आहे ते माहीत असणारच असा त्यांचा समज. मी रोज जाऊन वास घेते आणि नाकाला सगळं कळतं. तू शिकवलेलं सगळं, त्याहून थोडं जास्तही. पण तोंडात घेतलं की मी आंधळी. कुठला तुरटपणा वर्षभरात मऊ होईल आणि कुठला तसाच आडमुठा राहील, कुठल्या आंबटपणावर वाइन दहा वर्षं उभी राहील, हे जिभेचं काम आहे, आणि जीभ तापाने नेलेली नाही तुझी, ती मी रविवारी रविवारी फोनवर ऐकली आहे. तुझ्या नाकाला जे येत नाही ते मी सांगेन. मला जे कळत नाही ते तू सांग. कुणाला सांगायचं, कुणाला नाही, ते तू ठरव. गावाला चौथा पक्ष माहीत व्हायची गरज नाही. पण हेही अर्धंच कारण आहे. पिंपं काकांनी डोळे मिटून एकत्र केली तरी हे गाव ती पिऊन टाकेल, सान मार्तीनला आपण ते पाहिलं. मला तू टेबलाच्या पलीकडे हवा आहेस. दुसरा हिवाळा आहे हा, लेआंद्रो. मी एकटी कोकरू मागवते आणि अर्धं परत जातं. आरांदाच्या थांब्यावर मी गाडी घेऊन येईन, फक्त कुठल्या दिवशी ते कळव. गाडीत बसलास की विचार, कशाकशाचा वास येतोय. मी सांगेन: डिझेल, ओली मेंढरं, कुणाच्या तरी घरी तळला जाणारा लसूण. आणि मग माझ्याबद्दल विचार. मी म्हणेन, गुलाब. दुकानातल्या कार्बोलिक साबणाचा दर्प येत असला तरी गुलाबच म्हणेन, आणि तुला ते मान्य करावं लागेल.

तुझीच, आणि हा शब्द मी दोनदा खोडून तिसऱ्यांदा लिहिला आहे,
ओब्दुलिया